स्ट्रीमर तळाला न्यायचा तर आधी ढील, मग वजन

फ्लाय फिशिंग म्हणजे हुकावर पिसं-केस बांधून केलेल्या नकली भक्ष्याने, फ्लायने, मासे पकडणं, आणि त्यात स्ट्रीमर म्हणजे पाण्याखाली पोहवायची फ्लाय. स्ट्रीमरवाल्यांची नेहमीची तक्रार एकच असते, मासे आहेत, पोलराइज्ड गॉगल घातला की दिसतायत पण, तरी फ्लायला कोणी शिवत नाही. मग रंग बदलायचा खेळ सुरू होतो, ऑलिव्हचा काळा, काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा परत ऑलिव्ह, आणि शेवटी दुकानातून अजून अर्धा डझन आणले जातात. दोष रंगाचा क्वचितच असतो. स्ट्रीमर वरच्या फूट-दीड फुटात फिरतोय आणि मोठा ब्राऊन ट्राऊट पाच फूट खाली धोंड्याच्या आडोशाला बसलाय, आणि डोक्यावरून काहीतरी सरकलं म्हणून तो उठून वर येईल असं समजायला काही कारण नाही, पाणी गार असेल तर नाहीच नाही.

फ्लाय खोल जात नाहीये हे एकदा लक्षात आलं की लोक दुसरं टोक गाठतात, टंगस्टनचं डोकं, शिशाचे डोळे, वर दोन स्प्लिट शॉट (धाग्याला चिमटायचे वजनाचे छोटे गोळे), आणि मग ते धूड हवेत फेकताना स्वतःचाच कान सांभाळायचा. आणि गंमत म्हणजे एवढं करून पण तो वरच राहतो! कारण लाईन (फ्लाय जिच्या टोकाला असते ती दोरी) ताणलेली असते. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको, मांजा ताणून धरला की पतंग चढतो आणि ढील दिली की बसायला लागतो. वाहत्या पाण्यात स्ट्रीमरचं अगदी तसंच होतं, लाईन ताठ असेल तर पाणी त्याला वर उचलतं, किती का जड असेना. म्हणून माझं म्हणणं असं की आधी उभं कुठे राहायचं ते बघा, मग कास्टचा (म्हणजे फेकीचा) कोन, मग ढील, मग लाईन कुठली, आणि वजन सगळ्यात शेवटी.

नवीन मंडळींसाठी एका ओळीत, स्ट्रीमर म्हणजे छोटा मासा, जळू, क्रेफिश असल्या पोहणाऱ्या जिवांची नक्कल करणारी फ्लाय, वर तरंगणारी ड्राय फ्लाय वेगळी. पुढचं सगळं मी डेलावेअर नदीच्या वेस्ट ब्रँचला धरून लिहितोय, कारण न्यू जर्सीत राहणाऱ्या बऱ्याच जणांना ती एका दिवसात जाऊन यायला जमते. वर कॅननस्विलचं धरण आहे, न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्याचं, तिथून पाणी तळातून सोडतात म्हणून भर उन्हाळ्यात पण नदी गार राहते, आणि खाली हॅनकॉक गावाशी ईस्ट ब्रँच येऊन मिळते. डोह लांबलचक, मधे मधे उथळ खळाळ, तळाला गोटे. दुसऱ्या कुठल्या नदीवर जात असाल तर आकडे बदलतील, तत्त्व तेच.

आधी थोडं गणित, घाबरू नका

सिंकिंग (म्हणजे बुडणाऱ्या) लाईनच्या खोक्यावर टाईप ३, टाईप ६ असं लिहिलेलं असतं. ढोबळमानाने तो आकडा म्हणजे लाईन एका सेकंदात किती इंच बुडते. टाईप ३ म्हणजे सेकंदाला साधारण ३ इंच, टाईप ६ म्हणजे साधारण ६, इंटरमीजिएट म्हणजे इंच-दीड इंच. हे सगळं संथ पाण्यातलं हं.

आता समजा डोह ४ फूट खोल आहे, म्हणजे ४८ इंच. टाईप ६ ला तळ गाठायला ८ सेकंद लागणार. पाण्याचा वेग सेकंदाला ३ फूट धरला (म्हणजे बऱ्यापैकी चालती धार), तर त्या ८ सेकंदांत फ्लाय २४ फूट खाली वाहून जाते. म्हणजे मासा बसलाय त्याच्या निदान २४ फूट वर (धार येते त्या बाजूला) ती पाण्यात पडली पाहिजे, आणि ही आठही सेकंद तिला कोणी ओढता कामा नये. टाईप ३ असेल तर १६ सेकंद आणि ४८ फूट! आणि आपण काय करतो, समोर आडवा कास्ट मारतो, फ्लाय पडल्या पडल्या स्ट्रिप (हाताने लाईन थोडी थोडी ओढणं) सुरू करतो, आणि म्हणतो सिंकिंग लाईनने काही फरक पडत नाही बुवा.

प्रत्यक्षात तर याहून जास्त लागतं, कारण धार उसळते, भोवरे असतात आणि लाईन कधीच पूर्ण सैल नसते. मी हिशोब येईल त्याच्या दीडपट अंतर वर टाकतो.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठावर अंदाजे १५ फूट अंतर पावलांनी मोजायचं, वरच्या टोकाला काटकी टाकायची आणि खालच्या टोकाला पोचेपर्यंत सेकंद मोजायचे. ५ सेकंद लागले तर सेकंदाला ३ फूट. हा वरच्या थराचा वेग झाला, तळाला तो कमी असतो, कारण गोट्यांशी घासून पाणी मंदावतं. मासे तळाला बसतात ते याचसाठी, फुकट दम कोण खर्च करणार. पण आपल्याला इथेच खरी अडचण येते, लाईन वरच्या वेगवान थरात आणि फ्लाय खालच्या मंद थरात, म्हणजे लाईन पुढे पळते, तिला पोट येतं, आणि ते पोट फ्लायला ओढत ओढत वर घेऊन येतं. फ्लोटिंग (तरंगणारी) लाईन जाड असते, पाणी तिला जास्त धरतं, म्हणून तिच्यात हे सगळ्यात जास्त होतं. बारीक लाईन पाणी कापत जाते. सिंकिंग लाईन त्याच वजनाच्या फ्लोटिंगपेक्षा बारीक असते, तिचा निम्मा फायदा तिथेच आहे.

उभं कुठे राहायचं

लोक डोहाच्या मधोमध समोर उभे राहतात. मी डोहाच्या तोंडाशी उभा राहतो, जिथे उथळ खळाळ संपून तळ एकदम खाली जातो, तो उतार पाण्याच्या रंगावरून कळतो, पिवळसर तपकिरी गोटे दिसत असतात आणि मग अचानक हिरवं काळं होतं. त्या कडेवरून पाणी स्वतःच खाली उतरतं. फ्लाय त्या उतरत्या पाण्यात टाकली की नदीच तिला खाली नेते, तुम्ही फक्त आड येऊ नका. मोठ्या धोंड्यावरून पाणी पडून मागे जो खड्डा होतो तिथे पण हेच, धोंड्याच्या थोडं वर टाका, कड ओलांडू द्या, आणि लाईन सैल सोडा.

दुसरी जागा म्हणजे पळतं पाणी आणि संथ पाणी यांची हद्द. फेसाची रेघ असते बघा, बुडबुडे एका ओळीत चाललेले असतात, ती. फ्लाय संथ बाजूला पडली तर लवकर बुडते, पण लाईन पळत्या बाजूवर पडली तर सगळं मुसळ केरात. म्हणून शक्य असेल तर संथ पाण्याच्याच बाजूला जाऊन उभं राहायचं, म्हणजे मधे धार येतच नाही. नदी ओलांडायला कंटाळा करू नका (पाणी ओलांडण्यासारखं असेल तर, त्याबद्दल खाली). दहा पावलं इकडेतिकडे सरकून जे मिळतं ते शंभर डॉलरच्या लाईनने मिळत नाही.

कास्ट, आणि कास्टनंतरचे पहिले दोन सेकंद

आता नीट बघा, सगळा जीव इथे आहे.

कास्ट समोर आडवा नाही, वरच्या अंगाला तिरका. आडवी रेघ म्हणजे ९० अंश धरली तर तिच्यापासून ३०-४५ अंश वर. कास्ट पुढे सुटला आणि लाईन हवेत उलगडत असतानाच रॉडचं टोक वरच्या अंगाला लांब न्यायचं, हात पूर्ण पसरून, म्हणजे लाईन पडतानाच वरच्या बाजूला पडते. याला रीच म्हणतात. लाईन पाण्याला टेकली की लगेच एक मेंड, म्हणजे रॉडच्या टोकाने लाईनचं पोट उचलून वरच्या अंगाला ठेवायचं. लगेच म्हणजे लगेच. फ्लोटिंग लाईनला तुम्ही नंतर पण मेंड मारू शकता, सिंकिंग लाईन एकदा बुडली की ती तुमच्या ऐकण्यात नाही, जे काय करायचं ते पहिल्या दोन सेकंदांत.

मेंड मारताना फ्लाय जागची हलली तर तो मेंड वाया गेला. म्हणून कास्ट करतानाच थोडी जास्तीची लाईन हातात ठेवायची, चार-पाच फूट, आणि मेंड मारताना ती बोटांतून सोडून द्यायची. फ्लोटिंग लाईनवर अजून एक करता येतं, छोटे छोटे रोल कास्टसारखे (लाईन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे लोळवायची तसे) झटके देऊन सैल लाईनची वेटोळी फ्लायच्या वरच्या अंगाला टाकत राहायची, दोन-तीन वेटोळी. ती वेटोळी उलगडेपर्यंत फ्लायला काही ओढच नसते, दगडासारखी सरळ खाली जाते.

मग मोजायचं. मनातल्या मनात, एक ते आठ, किंवा जो काय तुमचा हिशोब आला असेल. रॉडचं टोक खाली, पाण्याला जवळजवळ टेकलेलं, आणि लाईन ज्या वेगाने वाहतेय त्याच वेगाने रॉड तिच्यामागे फिरवायचा. मागे राहिलात तर ओढ बसली, पुढे गेलात तर एवढी सैल होते की मासा लागलेला कळत नाही. हातात हलकी ओळख राहील इतपतच सैल. ही गोष्ट लिहून सांगायला अवघड आहे, दहा-बारा कास्टमध्ये हाताला आपोआप कळते.

फ्लाय तुमच्या समोरून थोडी खाली गेली, तळाच्या आसपास आली, की पहिली स्ट्रिप. बरेच हल्ले याच क्षणी होतात, मेल्यासारखा वाहत आलेला छोटा मासा अचानक जिवंत होऊन पळायला लागतो तो क्षण. त्याच्यानंतर लाईन ताठ होत जाते आणि फ्लाय कमानीसारखी तुमच्या काठाकडे वळत वर येते. तो स्विंग. स्विंगवर पण मासे लागतात, पण तेव्हा खोली संपत चाललेली असते हे ध्यानात ठेवा, आणि स्विंगच्या सुरुवातीला एक छोटा मेंड आणि फूटभर ढील दिली तर अजून दोन-तीन सेकंद खाली राहते.

लाईन सरळ तुमच्या खाली लोंबकळली की लगेच उचलू नका. चार सेकंद थांबा, दोन छोट्या स्ट्रिप द्या, रॉड थोडा पुढे करून फ्लाय परत मागे सोडा. मागून आलेला मासा इथे पकडतो. मग दोन पावलं खाली सरका आणि पुढचा कास्ट. एकाच जागी उभं राहून तेच तेच पाणी घुसळण्यात अर्थ नाही.

स्ट्रिप करताना फ्लाय वर येते त्याचं काय

फ्लोटिंग लाईन असेल तर ओढ वरून लागते, म्हणून प्रत्येक स्ट्रिपला फ्लाय वर उठते आणि थांबलात की खाली बसते. जड डोक्याची असेल तर हे वरखाली होणं छान दिसतं, माशांना आवडतं, फक्त दोन स्ट्रिपच्या मधे थांबायचं धैर्य पाहिजे. एक स्ट्रिप, मग मनात दोन मोजायचे. सिंकिंग लाईन असेल तर लाईनच फ्लायच्या बरोबरीने खाली असते, म्हणून ओढ आडवी लागते आणि फ्लाय त्याच खोलीवर पुढे सरकते. सतत स्ट्रिप करायची असेल, पाणी वेगाचं असेल, तर सिंकिंगशिवाय गत्यंतर नाही.

मासा लागला की ट्राऊटवाल्यांची सवय रॉड वर उचलायची. इथे ती मोडायची. रॉड खालीच, फ्लायच्या दिशेने रोखलेला, आणि डाव्या हाताने लाईन लांब आणि घट्ट ओढायची. रॉड उचललात आणि मासा चुकला तर फ्लाय तीन फूट वर आली, संपलं. लाईन ओढून चुकला तर फ्लाय फूटभर सरकली, तो परत फिरून येतो.

लाईन आणि लीडर

९ फुटी, ६ किंवा ७ वेटचा रॉड पुरतो (वेट म्हणजे रॉड किती जड लाईनसाठी आहे तो क्रमांक). लाईनच्या बाबतीत तीन वाटा आहेत.

फ्लोटिंग लाईन, ९ ते १२ फूट लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा) आणि जड फ्लाय: तीन-साडेतीन फुटांपर्यंतचं मंद पाणी असेल तर पुरे. फ्लाय कधीही लीडरच्या लांबीपेक्षा खोल जाणार नाही, आणि लीडर तिरका असतो म्हणून प्रत्यक्षात बरीच वर राहते, त्यामुळे सात-आठ फुटी डोहात ही वाट विसरा.

पॉलीलीडर, म्हणजे फ्लोटिंग लाईनच्या टोकाला लूपने जोडायचा बुडणारा लीडर, ५ किंवा १० फुटांचा. स्वस्त आणि खिशात मावतो, फ्लोटिंग लाईन मेंड करता येते आणि टोक बुडतं. ज्यांना वेगळं रील घ्यायचं नाही त्यांनी इथूनच सुरुवात करा.

सिंक टिप किंवा सिंकिंग हेड: पुढचे १० ते ३० फूट बुडणारे, मागची लाईन तरंगणारी किंवा इंटरमीजिएट. ह्या लाईनी ग्रेनमध्ये (वजनाचं छोटं माप) विकतात. ६ वेटच्या साध्या लाईनचे पुढचे ३० फूट साधारण १६० ग्रेन भरतात, पण स्ट्रीमरसाठी ६ ला २०० आणि ७ ला २५० ग्रेन लोक सर्रास वापरतात (२५० ग्रेन म्हणजे १६ ग्रॅमच्या आसपास, हातात घेतलं तर काहीच नाही, हवेत फिरवलं की कळतं). लहान खळाळात १० फुटी टिप बरी, मोठ्या डोहात आणि बोटीतून २४-३० फुटी हेड.

आता लीडर. ही चूक इतकी सर्रास दिसते की वेगळी सांगतो. सिंकिंग लाईनला ९ फुटी लीडर लावायचा नाही! लाईन तळाला पोचते आणि फ्लाय त्या लांब लीडरच्या टोकाला वर तरंगत राहते, मग एवढे पैसे कशाला घातले. ३ ते ४ फूट, बास. १२ ते १६ पौंडाचं सरळ फ्लोरोकार्बन, टेपर (निमुळता होत जाणारा धागा) वगैरे काही नको. फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा घनतेला जास्त असतो पण तेवढ्याने काही फ्लाय बुडत नाही, त्याचा खरा उपयोग गोट्यांवर घासून तुटत नाही हा. आणि मासा लाईनला बिचकेल ही भीती स्ट्रीमरमध्ये डोक्यातून काढा, त्याला विचार करायला वेळच नसतो. गाठ लूपची मारा, फ्लाय मोकळी हलते.

फ्लाय, आणि आता कुठे वजन

जास्त केसाळ फ्लाय हळू बुडते. हरणाच्या केसांचं मोठं डोकं असलेली तर तरंगायलाच बघते, कारण ते केस पोकळ असतात. सशाच्या कातडीची पट्टी सुरुवातीला हवा धरून ठेवते, म्हणून पहिल्या कास्टच्या आधी ती पाण्याखाली धरून बोटांनी दाबायची, बुडबुडे निघतात बघा, ते थांबेपर्यंत. हे न करता पहिले पाच-सहा कास्ट फुकट घालवणारे खूप. सडपातळ, कमी साहित्याची फ्लाय त्याच वजनात जास्त लवकर खाली जाते.

वूली बगर घ्या, रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियात बांधलेली, अजून तिला तोड नाही, मागे मॅराबूची शेपटी, अंगावर पिसाचे वळसे, डोक्याला मणी. आणि क्लाऊझर मिनो, बॉब क्लाऊझर यांची, ती पण पेनसिल्व्हेनियाचीच, सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाऊथ बाससाठी. तिच्या डोक्यावर डंबेलसारखे डोळे असतात म्हणून ती उलटी होते, हुकाचं टोक वर, त्यामुळे तळाला कमी अडकते. खोल जायचं असेल तर उलटी पोहणारी फ्लाय हा सगळ्यात सोपा सुधार.

तिसरी म्हणजे स्कल्पिनची नक्कल. स्कल्पिन हा बोटभर मासा, डोकं मोठं, अंग निमुळतं, आणि त्याला पोहण्याची हवेची पिशवी नसते, म्हणून तो तळालाच गोट्यांच्या फटीत टुणटुण उड्या मारत राहतो. म्हणजे स्कल्पिनची फ्लाय अर्ध्या पाण्यात पोहवलीत तर माशाने ते दृश्य आयुष्यात कधी पाहिलेलं नसतं. ती तळालाच पाहिजे, छोट्या छोट्या झटक्यांनी.

वजनाचं बोलायचं तर, टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३, पितळेची साडेआठच्या आसपास. म्हणजे त्याच आकाराचा टंगस्टन मणी पितळी मण्याच्या दुपटीहून जड. फ्लायचा आकार न वाढवता वजन पाहिजे तर टंगस्टन, महाग पडतं पण शिसं नदीत न सोडणं बरंच. न्यूयॉर्कमध्ये अर्ध्या औंसापर्यंतची शिशाची वजनं विकायला २००४ पासून बंदी आहे. स्प्लिट शॉट लावायचाच तर टिनचा, आणि दोन जागा आहेत: फ्लायच्या नाकाशी चिकटवला तर ती डोकं खाली घालून नाचते, आठ इंच वर लावला तर शॉट तळाला घासतो आणि फ्लाय त्याच्या किंचित वर पोहते. गोट्यांच्या तळाला मी दुसरं करतो.

अजून एक पद्धत आहे, हल्ली खूप चालते. १०-११ फुटी बारीक रॉड, लाईन जवळजवळ नाहीच, नुसता लांब बारीक मोनो (नायलॉनचा एकेरी धागा) आणि टोकाला जिग हुकवर बांधलेला टंगस्टन मण्याचा छोटा स्ट्रीमर. वर कास्ट करायचा, लाईन पाण्याला टेकूच द्यायची नाही, रॉड उंच धरून बारीक धागा तेवढा पाण्यात. पाण्याला धरायला काही नाही म्हणून हलका स्ट्रीमर पण दणकन खाली जातो. २५-३० फुटांच्या पलीकडे हे जमत नाही, आणि फेकायची मजा नाही असं जुनी मंडळी म्हणतात, पण खळाळातल्या छोट्या खड्ड्यांत याच्याइतकं खोल दुसरं काही जात नाही.

तळ लागलाय हे कसं कळणार

अधूनमधून टक, टक असं हाताला लागलं पाहिजे. लाईनमधून गोटा कळतो, कडक आणि छोटा. शेवाळ असेल तर मऊ जडपणा येतो. हुकावर हिरवा तंतू अडकून आला तर समजा जागेवर आहात, काढा आणि परत टाका. प्रत्येक कास्टला अडकतेय म्हणजे जास्त खोल, मोजणी दोन सेकंद कमी करा. आणि सकाळपासून एकदाही काही लागलं नाही, एकही फ्लाय गेली नाही, तर तुम्ही खोल नाही आहात, रंग बदलू नका, कोन बदला.

अडकली तर रॉड वाकवून झटके द्यायचे नाहीत, रॉडचं टोक मोडतं आणि हुक अजून रुतत जातो. आधी लाईन सैल सोडा आणि एक मोठा रोल कास्ट फ्लायच्या पलीकडे जाईल असा मारा, म्हणजे ओढ उलट्या बाजूने लागते, बऱ्याचदा सुटते. नाहीतर चालत वरच्या अंगाला जा आणि तिथून ओढा. तरी नाही तर रॉड सरळ रोखून, लाईन हाताला बाहीवर गुंडाळून, तोंड फिरवून मागे चालत जायचं. तोंड फिरवून हे महत्त्वाचं, सुटलेला जड स्ट्रीमर सरळ तुमच्याकडे येतो. म्हणून या खेळाला साध्या, पटकन बांधून होणाऱ्या फ्लाय न्याव्यात, पंचवीस मिनिटं खपून बांधलेली कलाकृती नको.

फेकताना पण तेच. बुडलेली लाईन पाण्यातून थेट उचलायची नाही, आधी एक रोल कास्ट करून ती वर आणा, मग उचला. मागचा कास्ट रॉड आडवा ठेवून, पुढचा वरून, म्हणजे एक मोठा गोल होतो आणि फ्लाय डोक्यापासून लांब जाते. टोपी, गॉगल, आणि हुकाचा काटा पक्कडीने दाबून टाकलेला, यात तडजोड नाही.

पाणी किती, गार किती

वेस्ट ब्रँचला निघायच्या आधी हेल एडीच्या गेजचे (नदीचं पाणी मोजायच्या केंद्राचे) आकडे बघून निघा, यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) साईटवर प्रवाह मिळतो. धरणातून पाणी वाढवलं की सकाळी ओलांडलेली जागा दुपारी ओलांडता येत नाही. वेडरला (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटला) कमरेचा पट्टा घट्ट, हातात काठी, आणि मांडीच्या वर पाणी गेलं की पुढचं पाऊल टाकायचं नाही. पाणी वाढून गढूळ झालं तर कंटाळू नका, ते स्ट्रीमरचेच दिवस, मोठे मासे धार सोडून काठाला येतात, आणि तेव्हा खोली म्हणजे काठाजवळचे दोन-तीन फूट, मधला डोह नाही.

हिवाळ्यात पाणी ४० फॅरनहाइटच्या आसपास असेल तर मासा हलायलाच तयार नसतो, फ्लाय त्याच्या तोंडाशी आणि अगदी हळू. स्ट्रिप जवळजवळ नको, तळाशी वाहू द्या आणि मधेच एखादा हलका झटका. पाणी ६८ च्या वर गेलं तर ट्राऊटला सोडून द्या, सोडलेला मासा पण बऱ्याचदा जगत नाही तेवढ्या गरम पाण्यात.

बोटीतून करणाऱ्यांना हे सगळं निम्म्याने सोपं. बोट धारेबरोबर वाहत असते म्हणून लाईनला ओढच कमी, काठाकडे किंचित पुढे टाका, मोजा, स्ट्रिप करा. फक्त वल्हं मारणाऱ्याशी भांडू नका.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडंसं. रामगंगेत महसीरसाठी स्ट्रीमर वापरतात आणि हिमाचलात तीर्थनमध्ये ब्राऊन ट्राऊट आहेत, दोन्हीकडे हेच सगळं लागू पडतं, फक्त महसीरसाठी रॉड ८ वेटचा किंवा वरचा, टिपेट (लीडरचं फ्लायकडचं टोक) २० पौंडाचं, आणि हूक जाड तारेचा, नाहीतर तो सरळ करून जातो. गोल्डन महसीर धोक्यात आलेली जात आहे, परवाना काढा आणि मासा पाण्यातल्या पाण्यात सोडा.

आणि शेवटी, "एकच लाईन घ्यायची तर कुठली" हे सगळे विचारतात म्हणून. ६ किंवा ७ वेटचा रॉड असेल आणि पायी उतरून नदीत उभं राहणार असाल तर १०-१५ फूट टाईप ६ ची सिंक टिप, मागे फ्लोटिंग. ३० फुटी हेड बोट असेल तर. आणि अजून ठरत नसेल तर हा सीझन १० फुटी पॉलीलीडरवर काढा, तोवर मेंड मारायचा हात बसेल, मग लाईन कुठली घ्यायची ते तुमचं तुम्हालाच कळेल.